भरवशाचं बटण

रोज दिवेलागणीला रूथ रणभिसे आधी भावाचा गिटारचा अॅम्प सुरू करायची आणि मग स्वतःचा. भावाच्या अॅम्पला तापायला वेळ लागे. मागच्या जाळीतून वाकून पाहिलं की काचेच्या व्हॉल्व्हमध्ये आधी एक पुसटशी तांबूस रेघ दिसे, मग ती नारिंगी होई, आणि काचेवर बसलेली धूळ तापून खोलीभर इस्त्री फिरवल्यासारखा कोरडा वास पसरे. तो वास आला की योनू घरात आला असं तिला वाटायचं. वास्तविक योनाथान अर्ध्या पृथ्वीपलीकडे होता. हॅलिफॅक्सच्या बंदरात यंत्रं सांभाळायची त्याची नोकरी. कामाला निघण्यापूर्वी, तिकडच्या सकाळी, तो खिडकीशी गिटार घेऊन बसे. आणि इकडे मिरजेत, रेल्वेलाईनीच्या कडेच्या त्यांच्या घरात, त्याची रिकामी खुर्ची आणि त्याचा अॅम्प शेजारी शेजारी असत.

अॅम्पचं नाव टॉकीज. इलाही मुजावरच्या वडिलांचा तंबूतला सिनेमा होता, जत्रांच्या मागे गावोगाव फिरणारा. तो बंद पडला तेव्हा इलाहीने आवाजाचा डबा घरी आणून उघडला आणि शाळासोबती योनूसाठी त्याचा गिटारचा अॅम्प करून दिला. परदेशी जाताना योनूने गिटार नेली, टॉकीज ठेवला.

"एवढं धूड विमानात कोण घेईल, आक्का? आणि तिकडची वीज अर्ध्या दाबाची. त्यावर हा तोंडसुद्धा उघडायचा नाही."

तरीही योनूची गिटार रोज टॉकीजमधूनच वाजत होती, ती सांध्यामुळे.

सांधा म्हणजे पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढी एक चपटी पेटी. रूथच्या पायाशी, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या रांगेत ती सर्वांत शेवटी बसे. ही पेटी येण्यापूर्वी दूरदेशीच्या दोन वादकांनी एकत्र वाजवणं अशक्यच होतं. दोष कुठल्या यंत्राचा नव्हता. प्रकाशच हळू होता. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. मिरजेहून मुंबई, समुद्राखालून युरोप, मग अटलांटिक, असा वळसा घेत हॅलिफॅक्सला पोचायला त्याला सेकंदाचा जवळजवळ दहावा हिस्सा लागतो. बोलताना तो उशीर कळतही नाही. लयीला मात्र तो पुरून उरतो. मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना बसलेले वादकसुद्धा एकमेकांना किंचित उशिरा ऐकतात, पण तेवढं सांभाळून घेता येतं. उशीर त्याहून वाढला की हा त्याच्यासाठी थांबतो, तो ह्याच्यासाठी थांबतो, आणि चाल चढणीवरच्या बैलगाडीसारखी मंदावत जाऊन मध्येच उभी राहते.

सांधा प्रकाशाला घाई करू शकत नव्हता. तो अंदाज बांधायचा. योनूच्या मनगटाला एक पट्टी असे. बोट हलण्याआधी मेंदूचा हुकूम हाताच्या स्नायूंत पोचतो आणि तिथे विजेची बारीक लहर उठते. पट्टी ती लहर टिपून, सूर वाजण्याच्या आधीच पुढे पाठवी. उरलेलं अंतर सांधा स्मरणाने भरून काढी. योनूचं कित्येक वर्षांचं वाजवणं त्याने ऐकलेलं होतं. मागचे सूर असे, आता लहर अशी, म्हणजे पुढचा सूर हा, असं ठरवून तो सूर टॉकीजमधून वाजवून मोकळा होई. खरा सूर मागाहून येई. दोन्ही जुळले तर प्रश्नच नव्हता. नाही जुळले तर वाजत असलेला सूर सांधा हलकेच खऱ्याकडे वळवून घेई.

किती वळवायचा ते ठरवायला पेटीवर एकच बटण होतं, शून्यापासून दहापर्यंत फिरणारं. त्याच्याखाली लिहिलं होतं: भरवसा. शून्यावर अंदाज बंद. जे खरं येईल ते, आणि येईल तेव्हा. दहावर सगळी मदार अंदाजावर. मग खरा सूर वेगळा आला तरी सांधा त्याला लाईनमधली गडबड समजून बाजूला टाकी, नाहीतर अंदाजात थोडासा मिसळून टाकी. आणि लाईन तुटलीच तर काही वेळ आपलं आपण वाजवत राही.

सांधा बाजारात आल्यापासून गिटारवाल्यांच्या फोनवरच्या गटात दुसरा विषय उरला नव्हता. पूर्वीची भांडणं कशी ठरलेली होती: व्हॉल्व्हचा अॅम्प खरा की खिशात मावणारा, डिलेचं पेडल आधी लावायचं की ओव्हरड्राइव्हचं, लांब केबलने आवाज मरतो की ते मनाचे खेळ. आता जो तो आपला भरवसा जाहीर करू लागला. कोल्हापूरचा एक मेटलवाला सहाच्या वर जाणाऱ्यांना भित्रे म्हणायचा. पुण्याच्या एका बाईंचं मत, तीन हाच माणुसकीचा आकडा. नाशिकच्या लग्नाच्या बँडवाल्याने लिहिलं होतं, "आम्ही दहावर ठेवतो आणि जेवून येतो."

रूथचा भरवसा बरीच वर्षं चारावर होता. मागच्या वर्षी, दिवाळीनंतर केव्हातरी, योनूच म्हणाला होता, "आक्का, दहावर ठेव की. मध्येच सूर वळताना कानाला खटकत नाही का तुला?"

तिने दहावर ठेवला. खटकणं खरोखरच गेलं.

*

आवाजातला बिघाड तिला जाणवला तो यंदाचा पावसाळा सरता सरता.

"कड गेलीय, इलाहीभाई," ती म्हणाली.

"कुणाची?"

"योनूच्या सुराची. सूर येतो, पण त्याला तोंड नाही. रुमालात गुंडाळून दिल्यासारखा येतो."

इलाहीने डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या सगळ्या कार्यक्रमांचा आवाज तोच सांभाळायचा, त्यामुळे त्याच्या कानांवर तिचा विश्वास होता. त्याने टॉकीजच्या पाठीवर थाप मारली. "म्हातारं झालंय बाबा. व्हॉल्व्ह बदलू."

व्हॉल्व्ह बदलले. आवाज थोडा उजळला आणि कड काही परत आली नाही. मग केबल बदलली. मग स्पीकर. रूथने गटात विचारलं, तर मतांचा पाऊस पडला. घरचं अर्थिंग बघा. सगळ्या पेडलांना एकाच अॅडॅप्टरवरून वीज देणं हे पाप आहे. अॅम्प फरशीवर ठेवता का? लाकडी पाटावर ठेवा. पाटावर ठेवता का? फरशीवर ठेवा. कोल्हापूरकराने लिहिलं, "आवाज चारपट करा, कड आपोआप दिसेल." रूथने एकेक करून सगळं केलं. पेडलांची रांग उलटी लावून पाहिली, एकेक पेडल काढून पाहिलं, शेवटी टॉकीज भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला. जाता-येता ती त्याला अडखळायची.

"बाई, आता भिंत तेवढी बदलायची राहिली," इलाही म्हणाला. "तुम्हा गिटारवाल्यांचं असंच असतंय. पोटात दुखलं तरी आधी केबल बदलून बघता."

"हसू नका. सांगलीचा कार्यक्रम तोंडावर आलाय."

कार्यक्रम नाताळच्या आधीच्या शनिवारी होता, नाट्यगृहात. रणभिसे बहीणभाऊ 'जंक्शन' वाजवणार म्हणून तिकिटं केव्हाच संपली होती. ती त्यांची स्वतःची रचना. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे दोघांचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. त्या काळी मिरजेला मोठ्या, मधल्या आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत, असं बाबा अभिमानाने सांगायचे. 'जंक्शन'मध्ये दोन गिटारी दोन वेगवेगळ्या चालींनी निघायच्या, एक झुलत, एक खडखडत, आणि बरंच अंतर आपापल्या वाटेने गेल्यावर एका सुरावर येऊन भेटायच्या. त्या भेटीच्या आगेमागे कुठेतरी योनू तार ओढून इंजिनाची शिट्टी काढायचा. कुठे काढेल ते रूथला कधी सांगायचा नाही. लहान बहीण असती तर रुसली असती. रूथ मोठी होती, ती दर वेळी फसायची आणि वाजवता वाजवता हसायची. लोक ते हसू बघायला यायचे म्हटलं तरी चाललं असतं.

त्या आठवड्यातही शिट्टी आली आणि ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर ढवळताना तिचा हात थांबला. ही शिट्टी तिने ऐकलेली होती. हीच उंची, शेवटाला हाच किंचितसा घसरता सूर. इचलकरंजीच्या कार्यक्रमात, योनू इथे आला होता तेव्हा. योनूने एकच थट्टा दोनदा केली असं आजवर झालं नव्हतं.

दमला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पन्नाशी आली, थंडी, बंदरातली कामं.

मग तो कप.

'जंक्शन'चा मधला भाग चालू होता. योनूच्या गिटारीतून दोन्ही हातांचं, भराभर उतरत येणारं काम ऐकू येत होतं. बोलण्याची लाईन वेगळी होती. तिच्यातून त्याच्या खोलीचे बारीकसारीक आवाज नेहमी येत, खुर्चीची करकर, खिडकीबाहेरचे समुद्रपक्षी. त्या आवाजांत तिने कप उचलल्याचं ऐकलं. चहाचा घोट ऐकला. मग कप बशीत ठेवल्याची किणकिण. आणि टॉकीजमधून योनूची दहाही बोटं अखंड, निर्दोष धावत होती.

रूथने वाजवणं थांबवलं नाही. तिचे हात आपोआप पुढे गेले. ती फक्त टॉकीजच्या जाळीकडे बघत राहिली. आत व्हॉल्व्ह नारिंगी जळत होते, एखाद्या घरात दिवा लागलेला असावा आणि घरात कुणी नसावं, तसे.

*

दुसऱ्या दिवशी तिने त्याला काही सांगितलं नाही. नमस्कार-चमत्कार झाले, तिकडच्या बर्फाची चौकशी झाली, आणि 'जंक्शन' सुरू करण्याआधी तिने वाकून भरवशाचं बटण शून्यावर आणलं.

पहिला सूर उशिरा आला. प्रकाशाचा उशीर तिला ठाऊक होता. हा त्याहून बराच जास्त होता. दुसरा सूर आलाच नाही. तिसऱ्याच्या जागी दोन तारा एकदम लागल्या. मग एक लांब पोकळी, मग चार सूर एकमेकांच्या अंगावर पडत आले, पायऱ्या चुकलेल्या माणसासारखे. आणि तरीही कड परत आली होती. एकेका सुराला तोंड होतं. नख तारेवर घासल्याची खरखरसुद्धा ऐकू येत होती. टॉकीजला काहीही झालेलं नव्हतं. सांधा इतके महिने ओळखीच्या सुरांमध्ये हे खरे सूर थोडेथोडे मिसळून, कडा गुळगुळीत करून तिच्या हातात देत होता.

ती सावकाश वाजवू लागली. वाट बघत. थोड्याच वेळात पलीकडे गिटार थांबली.

"बटण फिरवलंस," योनू म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"माझ्यासाठी थांबायला लागलीस. इतके दिवस थांबत नव्हतीस."

रूथने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"केव्हापासून रे?"

"मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून. खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. पट्टीनेच पहिल्यांदा सांगितलं, डॉक्टरने नंतर. हात नुसता मांडीवर ठेवला की पट्टीवर लहरी दिसायच्या, सेकंदाला पाच, घड्याळासारख्या. मला वाटलं पट्टी बिघडली. दुसरी मागवली."

"म्हणजे तूही पट्टीच बदललीस."

"मग काय! रणभिसेच ना मी." तो हसला. "कंपवात म्हणतात. वाजवायला घेतलं की थरथर कमी होते, पण बोट जागेवरून निघत नाही. चिखलातून पाय काढावा तसं काढावं लागतं. एक फायदा झाला बघ, सूर थरथरवायचं ते ट्रेमोलोचं पेडल विकून टाकलं. आता फुकटात मिळतो."

"योनू, गप्प बस."

"बसलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज माझ्याबरोबर वाजवत होतीस, आक्का. सांगितलं असतं तर माझ्यासाठी वाजवलं असतंस."

तिला राग आला. "आणि मी कुणाबरोबर वाजवत होते रे? पेटीबरोबर? तू तिकडे चहा पीत होतास!"

"एकदाच प्यायलो. हात अगदीच थांबला होता त्या दिवशी. पेटी बरी वाजवते म्हटलं, ऐकत बसलो. चांगला वाजवायचा तो. मीच होतो की तो, तीन वर्षांपूर्वीचा." मग त्याचा आवाज बदलला. "सांगलीला दहावर ठेव. लोक त्याला ऐकायला येणारेत. मी असा लोकांसमोर नाही यायचा, आक्का. शब्द दे."

लहानपणी पडला-झडला की तो असंच म्हणायचा, बाबांना सांगू नको, शब्द दे.

"दिला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुझ्याकडचं बटण कितीवर असतं?"

"शून्यावर. पहिल्यापासून."

"वेड्या, मग जुळवायचास कसा?"

"तू उशिरा येणार हे धरून चालायचं आणि आपण जरा आधी निघायचं. मला तू खरीच हवी होतीस. पेटीला तुझं हसू कुठे जमतं?"

*

डिसेंबरचे ते दिवस रूथने कसे काढले ते तिलाही नीट आठवत नसे. सकाळी ती मुलांना गिटार शिकवी. संध्याकाळी बटण दहावर ठेवून भावाबरोबर वाजवी, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. त्याचे हात काय करताहेत ते तिला ऐकू येत नव्हतं आणि ठाऊक मात्र होतं.

एकदा योनू निरोप घेऊन गेल्यावर ती सांधा बंद करायची विसरली. सहज गिटार उचलून तिने 'जंक्शन'चा आरंभ छेडला, आणि टॉकीज बोलला. लाईनीवर कुणीही नव्हतं. सांध्याने ते लाईन तुटणं समजून अंदाज सुरू केला होता. रूथ वाजवत राहिली. खोलीत संध्याकाळ दाटत होती, व्हॉल्व्हचा उजेड रिकाम्या खुर्चीच्या पायांवर पडला होता, आणि तीन वर्षांपूर्वीचा योनू, धडधाकट, खट्याळ, तिच्यासोबत रुळांवरून झुलत निघाला होता. त्याने शिट्टी काढली. इचलकरंजीचीच. मग पेटीची मर्यादा संपली आणि सूर वाऱ्याने दिवा विझावा तसा गेला.

"नव्या सांध्यात ती मर्यादा काढलीय," इलाहीने तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याला तिने सगळं सांगितलं होतं. ऐकून तो बराच वेळ टॉकीजचे स्क्रू विनाकारण घट्ट करत बसला होता. "पलीकडं माणूस असू दे, नसू दे, पाहिजे तितका वेळ वाजतंय. लोक घ्यायला लागलेत. बाप गेलेला, नवरा गेलेला..." तो थांबला. "घ्यायचा का आपण?"

रूथने पायाशी असलेल्या सांध्याकडे पाहिलं. घ्यावा असं तिला वाटलं होतं, आणि किती सहज वाटलं त्याची तिला भीती वाटत होती. योनूचा हात पुरता थांबला तरी टॉकीज थांबणार नव्हता. रोज दिवेलागणीला वास येईल, शिट्टी येईल, ती हसेल. मग एक दिवस पलीकडे कोण आहे हे विचारायचीही गरज उरणार नाही.

*

नाट्यगृहाच्या रंगमंचावर दोन खुर्च्या होत्या, एकीवर रूथ, दुसरी मोकळी. मोकळ्या खुर्चीमागे टॉकीज. रूथची पेडलं तिच्या पायाशी, सांधा शेवटी. पडदा उघडण्याआधी इलाही वाकून तिच्या कानाशी आला.

"थेटर भरलंय बाई. मागं उभी आहेत माणसं. बटणाला हात लावायचा न्हाई. योनूला शब्द दिलाय तुम्ही."

"ठाऊक आहे."

"नुसतं ठाऊक असून चालत न्हाई," म्हणत तो सभागृहाच्या मागच्या बाजूला, आपल्या आवाजाच्या टेबलाकडे गेला.

बोलण्याची लाईन फक्त तिच्या कानात होती. "आक्का," योनू म्हणाला, "इकडे बर्फ पडतोय. खिडकी सगळी पांढरी." मग दोघांनी 'जंक्शन' सुरू केलं.

सुंदर चाललं होतं. दोन चाली दोन बाजूंनी निघाल्या, झुलती आणि खडखडती. अंधारात बसलेल्या माणसांचे श्वास लयीला लागलेले रूथला जाणवत होते. भेटीचा सूर जवळ आला आणि टॉकीजने शिट्टी काढली. तीच, तितकीच उंच, शेवटाला तितकीच घसरती. सभागृह खळखळून हसलं. कुणीतरी टाळी वाजवली. सगळे रूथकडे बघत होते, ती हसण्याची वाट बघत.

तिला हसू आलं नाही. इयरफोनमध्ये तिला योनूचा श्वास ऐकू येत होता, जड, भराभर. त्याच्या बोटांशी झगडणारा. टॉकीजमधून जे वाजत होतं त्यात तो श्वास कुठेच नव्हता. भाऊ तिथे होता, जिवंत, कष्टत होता, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर दुसराच कुणी बसला होता.

तिने डाव्या हाताने सूर धरून ठेवला आणि वाकून बटण शून्यावर आणलं.

टॉकीज गप्प झाला. धावती गाडी बोगद्यात शिरावी तशी अर्धी रचना नाहीशी झाली. मग एक सूर अडखळत आला, चुकीचा. मग काहीच नाही. सभागृहात कुजबुज उठली. मागे इलाही टेबलामागून उभा राहिलेला तिला दिसला. तिनेही गिटार थांबवली. आपला हात तिने तारांवर सपाट ठेवला.

"आक्का," कानात योनू म्हणाला. "शब्द दिला होतास."

"हो रे. मोडला." ती अगदी हळू बोलली. "तू वाजव. मी उशीर धरून चालते."

मग शांतता. अशी, की तिच्यात प्रकाश पृथ्वीला कितीतरी वेळा प्रदक्षिणा घालून आला असता. आपण त्याचा अपमान केला, आता तो गिटार ठेवून उठेल, आणि ह्यापुढे दिवेलागणीला वास येईल तो नुसत्या धुळीचा, हे तिला स्वच्छ दिसलं. तरी बटणाकडे तिचा हात गेला नाही. कानात त्याच्या खुर्चीची करकर झाली. कुजबुज वाढली. पुढच्या रांगेतलं कुणीतरी उठून उभं राहिलं.

आणि टॉकीजमधून तीन सूर आले. थरथरते, सुटे सुटे, उतरत्या क्रमाने. टिंग. टुंग. टाँग.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग बाल्कनीत पहिला हशा फुटला आणि तो खाली पसरत आला. मिरज-सांगलीच्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. फलाटावर घोषणेच्या आधी वाजतो तो. गाडी उशिराने धावत आहे, हे सांगणारा. उठून उभा राहिलेला माणूस हसत खाली बसला.

ही थट्टा योनूने पूर्वी कधीच केली नव्हती. कुठल्याही पेटीला ती ठाऊक नव्हती. रूथ गिटारीवर डोकं टेकून हसत सुटली, हसता हसता तिला धाप लागली. आणि ते हसू समुद्रांखालून हॅलिफॅक्सच्या पांढऱ्या खिडकीशी पोचेपर्यंतचा सगळा उशीर तिने मोजल्याशिवाय जाणला.

"आली का गाडी?" योनूने कानात विचारलं.

"येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "मी फलाटावरच आहे."

पुन्हा त्याने सुरुवात केली, ह्या वेळी एकेकच सूर, लांब, कापरा, धारदार कडेचा. तो इथे पोचेपर्यंत तिथे वाजून गेलेला असे. रूथ प्रत्येक सूर पुरता येऊ देई, संपू देई, आणि मग त्याला उत्तर देई. दोन गिटारी एकत्र अशा वाजल्याच नाहीत त्या संध्याकाळी. एक थांबे तेव्हा दुसरी निघे, मधल्या रिकाम्या जागेत बर्फ पडत राही. टॉकीजचे व्हॉल्व्ह जाळीमागे नारिंगी जळत होते. मागे इलाही आपल्या टेबलावरची सगळी बटणं सोडून, हाताची घडी घालून नुसता ऐकत उभा होता.